विमान ओलांडून गेल्यावर

कोकणीपुऱ्यातल्या बाकीच्या बायका दुपारी गहू निवडतात आणि जमीलची बायको विमानं निवडते, असं भागुबाई म्हणायची. भागुबाई मखमलाबादची. रोज सकाळी वांग्या-मेथीची पाटी घेऊन गल्लीत यायची, खुर्शीदाच्या उंबऱ्याशी पाटी उतरवायची आणि पहिला प्रश्न हाच करायची, "काय बाई, आज कोणतं इमान शिजतंय?" खुर्शीदा हसायची आणि वर्तमानपत्रातलं कात्रण वहीत चिकटवत राहायची.

खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. जमील कॅन्टनला होता. येवल्याच्या मागांवर जे रेशीम चढतं त्यातलं पुष्कळसं चीनमधून येतं, आणि मुंबईच्या एका रेशमाच्या पेढीनं तिथल्या खरेदीवर जमीलला नेमलं होतं. छत्तीस सालच्या श्रावणात तो गेला तेव्हा खुर्शीदाला चौथा महिना होता. दोन वर्षांचा करार होता. रेहानाचा जन्म, तिचे दात, तिचं पहिलं पाऊल, हे सगळं त्यानं पत्रातच वाचलं. आणि पुढच्या भाद्रपदात जपानी आरमाराची विमानं कॅन्टनवर यायला लागली.

खुर्शीदाचा स्वभाव मुळात धास्तावलेला. पाळण्याची दोरी ती दिवसातून तीनदा ओढून बघायची. रेहाना गाढ झोपली की तिच्या नाकाशी बोट धरायची. पण नुसती घाबरून बसणारी ती नव्हती. ज्या गोष्टीची भीती वाटायची तिची सगळी माहिती तिला हवी असायची. गोवर आला तेव्हा तिनं गोवरावरचं पुस्तक मागवलं होतं. "इतकं वाचून गोवर काय घाबरून पळणार आहे का?" असं तिची सासू, जैतुनबी, म्हणाली होती. पण गोवर गेला, रेहाना बरी झाली, आणि खुर्शीदाचा पुस्तकावरचा विश्वास वाढला.

उर्दू शाळेतल्या मास्तरांची ही मुलगी. पडदा लावलेल्या टांग्यातून कॉलेजात जाऊन बी.ए. झालेली. तिथं तिला इंग्रजी शिकवायला यादवराव होते. पुढे त्यांनी नोकरी सोडून स्वतःचा छापखाना टाकला आणि साप्ताहिक काढलं. देवळालीच्या छावणीतून साहेब लोकांची जुनी मासिकं रद्दीत निघत. ती यादवराव विकत घेत आणि त्यातलं काही मराठीत करण्याजोगं असलं की मोठ्या दिराच्या, रहेमानभाईंच्या हाती खुर्शीदाकडे पाठवत. अडतीसच्या होळीच्या सुमाराला आलं ते विमानांचं मासिक होतं. सोबत चिठ्ठी: "जपानी आरमाराच्या बाँबफेक्या विमानांवर चांगला लेख आहे. आशियातल्या माणसानं बनवलेलं यंत्र आहे, आपल्या वाचकांना अभिमान वाटेल. सोपं करून लिहा."

अभिमानाचं खुर्शीदाला काही देणंघेणं नव्हतं. तिनं तो लेख अधाशासारखा वाचला.

विमानाला दोन इंजिनं. पाठीवर दोन घुमट, दोन्ही आत ओढून घेता येण्याजोगे, आणि प्रत्येकात एक मशिनगन. तिसरी मशिनगन पोटाखाली. तिच्यासाठी एक डबा केलेला. लढाईची वेळ आली की त्यात बंदूकवाला बसतो आणि तो डबा विमानाच्या पोटातून खाली सोडतात. डबा खाली आला की वारा अडतो, विमानाचा वेग मंदावतो, म्हणून वैमानिक तो नाइलाजानंच सोडतात. बंदुकीचा मूळ नमुना विलायती; जपान्यांनी विकत घेतला आणि मग घरीच घडवला. वर जात्याच्या तळीसारखी गोल चकती, तिच्यात सत्त्याण्णव गोळ्या. आणि हे सगळं कशासाठी, तर मागून चाल करून येणाऱ्या शत्रूच्या विमानांना दूर ठेवण्यासाठी. केवळ बचावासाठी. लेखात हे तीन वेळा होतं.

तिनं तो डबा विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा वर्णन केला. यादवराव खूश झाले. "पोहरा हा शब्द खुद्द मूळ लेखकालाही सुचला नसता," असं त्यांनी प्रुफाच्या मागं लिहून पाठवलं. लेख छापून आला त्या आठवड्यात भागुबाईसुद्धा म्हणाली, "तुमचं इमान आमच्या गावात वाचून दाखवलं बरं का तलाठ्यानं. लय भारी हाय म्हणं."

पण खुर्शीदाला लेख लिहून समाधान होईना. माहिती मिळाली होती. आता तिचा उपयोग करायला हवा होता. ती दोन दिवस कागदावर रेघा मारत बसली. विमानातून सुटलेला बाँब सरळ खाली पडत नाही; तो विमानाच्या वेगानं पुढे जात जात पडतो. म्हणजे विमान डोक्यावर आलं तेव्हा त्यातून जे सुटेल ते पुढे जाऊन फुटणार. म्हणजे ओलांडून गेलेलं विमान मागच्या माणसाला काही करू शकत नाही. मागं तोंड केलेल्या बंदुका आहेत खऱ्या, पण त्या विमानांसाठी. जमिनीवरच्या माणसावर कोण कशाला गोळी वाया घालवील?

तिनं जमीलला पत्र लिहिलं. सबंध पानभर लिहिलं, आकृती काढून.

"विमान डोक्यावर येईपर्यंत जमिनीला चिकटून पडा. ओलांडून गेलं की तिथं पडून राहू नका, कारण मागून दुसरी तुकडी येते. ताबडतोब उठा आणि विमान ज्या दिशेनं आलं त्या दिशेला पळा. मी हिशेब करून सांगते आहे, गंमत समजू नका. रेहानाची शपथ आहे."

ज्येष्ठाच्या सुरुवातीला उत्तर आलं. जमीलचं पत्र म्हणजे निम्मी थट्टाच असायची. "तुझा कायदा इथं धक्क्यावरच्या हमालांनासुद्धा पाठ झाला आहे. परवा दोनदा वापरला, दोन्ही वेळा अंगाला धूळसुद्धा लागली नाही. आमचा मिनेझिस कारकून तेवढा भेकड. विमानं जाऊन पाव तास झाला तरी नाक मातीत खुपसून पडलेला. मी त्याला म्हणतो, अरे बाबा, ऊठ, माझी बायको बी.ए. आहे."

खुर्शीदानं ते पत्र किती वेळा वाचलं याला सुमार नाही. जैतुनबीलाही वाचून दाखवलं. जैतुनबी म्हणाली, "शिकलेली सून आणली तेव्हा गल्ली मला हसली होती. आता म्हणावं हसा."

त्यानंतर पत्र आलं नाही.

आषाढ गेला, श्रावण गेला. मुंबईच्या पेढीला विचारलं की एकच उत्तर यायचं: तिकडचं टपाल विस्कळीत झालं आहे, बातमी आली की कळवू. दिवाळीच्या तोंडावर कॅन्टनच जपान्यांच्या हाती पडलं. रमजानची ईद आली आणि गेली. आणि डिसेंबरात, एका दुपारी, हाँगकाँगचा शिक्का असलेलं जाड पाकीट आलं. वरचं अक्षर जमीलचं नव्हतं.

घरात त्या वेळी जैतुनबी होती आणि रहेमानभाई जेवायला आले होते. रहेमानभाई रेशीम रंगवायचे. त्यांचे हात कोपरापर्यंत किरमिजी असायचे आणि जेवताना ते स्वतःच स्वतःच्या हातांना नावं ठेवायचे. त्या दिवशी ते घास ताटात तसाच ठेवून बघत राहिले. पत्र इंग्रजीत होतं. त्यांना उर्दू वाचता यायचं आणि मोडकंतोडकं मराठी. जैतुनबीला कुराण वाचता यायचं, बाकी काही नाही.

"वाच," जैतुनबी म्हणाली.

खुर्शीदानं आधी मनात वाचलं.

पत्र मिनेझिसचं होतं. पेढीनं कळवलं असेल असं इतके दिवस वाटत होतं. इथं आल्यावर कळलं की कोणीच कळवलेलं नाही, म्हणून लिहितो आहे, अशी सुरुवात होती. जून महिन्याच्या आठ तारखेला ते दोघे रेशमाचे गठ्ठे होडीत चढवत धक्क्यावर होते. नऊ विमानं आली. सगळे आडवे पडले. विमानं ओलांडून गेली, बाँब पुढं रेल्वेच्या बाजूला पडले. मग पुढचं वाक्य होतं.

"तेव्हा जमील उठला आणि आम्हाला म्हणाला, चला, उठा, धोका टळला, माझ्या बायकोनं हिशेब करून लिहिलं आहे, आणि विमानं आली होती त्या बाजूला तो धावत सुटला, आणि तिघे हमाल त्याच्या मागं."

आभाळात चिन्यांचं एकही विमान नव्हतं. शेवटच्या विमानाच्या पोटाखाली डबा सोडलेला होता. त्यातला माणूस मागं तोंड करून बसलेला. विमान लांब चाललं होतं आणि तो धक्क्यावर गोळ्या मारत होता. जे उठले होते ते चौघेही पडले. जे पडलेले होते ते वाचले. "मी भ्यालो होतो म्हणून उठलो नाही," असं मिनेझिसनं लिहिलं होतं. "तो नेहमी मला हसायचा." संध्याकाळी तिथल्या चिनी मुसलमानांनी जमीलला दफन केलं, मिनेझिस स्वतः हजर होता. एक ट्रंक त्याच्याजवळ आहे, ती जहाजानं पाठवतो.

खुर्शीदानं कागद खाली घेतला.

"काय लिहिलंय, दुल्हन?" रहेमानभाईंनी विचारलं.

"धक्क्यावर विमानं आली," ती म्हणाली. "जूनमध्ये. त्यात ते... सापडले."

जैतुनबी खाली बसली. ओरडली नाही. जमिनीवर हात टेकवून, एखादी वस्तू शोधावी तसा हात फिरवत बसली. मग म्हणाली, "कुठं लागलं माझ्या लेकराला?"

खुर्शीदानं पत्राची घडी घातली.

"उभा होता का बसला होता? दगडाच्या आड का नाही लपला? त्याला तर तू सगळं लिहिलं होतंस ना, विमान आलं की काय करायचं? अंगाला धूळ लागली नाही म्हणून लिहिलं होतं त्यानं. मग कसं लागलं? कोणी पाहिलं?"

आता खुर्शीदाला दिसलं की या एका प्रश्नाचं उत्तर दिलं की त्याच्या मागचा प्रश्न येणार, आणि त्याच्या मागचा, आणि शेवटी ते वाक्य वाचावंच लागणार. सासूच्या तोंडाकडे बघत ते वाचायचं. माझ्या बायकोनं हिशेब करून लिहिलं आहे.

"कोणी पाहिलं असं लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

ते बोलायला एक क्षणही लागला नाही. बोलून झाल्यावर तिला वाटलं, उद्या सांगू. आजचा दिवस जाऊ दे, अम्माला आधी रडू दे.

पण अम्मा रडलीच नाही. जमिनीवर फिरणारा हात थांबला.

"कोणीच नाही पाहिलं?"

"नाही."

"दफन कोणी केलं?"

"ते... नाही लिहिलेलं."

"रहेमान," जैतुनबी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम तरणा झाला, "ऐकलंस? पाहिलं नाही, दफन केलं नाही. धावपळीत माणसं कुठल्या कुठं जातात. आपला फकीरचाचा मोठ्या तापाच्या साथीत मेला म्हणून फातिहा दिला होता. नामपूरच्या बाजारात कांदे विकताना सापडला का नाही सहा महिन्यांनी?"

"सापडला होता," रहेमानभाई म्हणाले. त्यांनाही जमील सापडायला हवा होता.

खुर्शीदानं त्याच संध्याकाळी बांगड्या उतरवायला घेतल्या, तेव्हा जैतुनबीनं तिचा हात धरला. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस इद्दतीत बसायचं, दागिना नाही, सुरमा नाही, घराबाहेर पाऊल नाही. खुर्शीदाला बसायचं होतं. तिला त्या कोपऱ्याची भूकच लागली होती, जिथं कोणी काही विचारत नाही आणि रडायची मुभा असते. पण जैतुनबी म्हणाली, "जित्या माणसाची इद्दत बसतेस? माझ्या मुलावर अपशकुन आणतेस? घाल त्या बांगड्या."

तिनं घातल्या.

चौथ्या दिवशी जैतुनबीनं टांगा मागवला. यादवराव मास्तरांकडून पत्र पुन्हा वाचून घ्यायचं होतं. सुनेवर अविश्वास म्हणून नव्हे. तिला ती गोष्ट आणखी एका शिकल्या माणसाच्या तोंडून ऐकायची होती. आनंदाची बातमी माणूस दोनदा ऐकतो, तसं.

टांग्यात खुर्शीदा रेहानाला मांडीवर घेऊन बसली होती आणि बुरख्याच्या आत तिला पहिल्यांदाच मोकळा श्वास आला होता. यादवराव वाचतील. मोठ्यानं वाचतील, सगळं वाचतील. वर्गात एक शब्द गाळला तर पट्टी आपटणारे मास्तर ते. जे तिच्या जिभेनं होत नव्हतं ते त्यांच्या जिभेनं होईल. मग अम्मा काय म्हणायचं ते म्हणो. मारू दे, घराबाहेर काढू दे.

छापखान्यात शाईचा आणि केरोसिनचा वास होता. यादवरावांनी दोघींना आतल्या खोलीत बसवलं, चष्मा पुसला आणि पत्र उघडलं. मनातच वाचायला लागले. खुर्शीदा त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. डोळे ओळीवरून सरकत गेले, एका जागी थांबले, मागं गेले, परत आले. मग त्यांनी पान उलटून त्या डब्यापर्यंत, तिच्या पोहऱ्यापर्यंत वाचलं असावं, कारण त्यांचा हात टेबलावरच्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"काय लिहिलंय, मास्तर?" जैतुनबीनं विचारलं. "कोणी पाहिलं असं कुठं लिहिलंय का हो?"

यादवरावांनी खुर्शीदाकडे बघितलं. ती मान हलवत होती. हो म्हणून. वाचा म्हणून. जाळीच्या आत हलणारी मान त्यांना दिसली का, आणि दिसली तर काय समजली, ते तिला कधीच कळलं नाही.

"नाही," यादवराव म्हणाले. "बाईंनी सांगितलं तसंच आहे. कोणी पाहिलेलं नाही."

"पुन्हा एकदा वाचा की. आमच्यासाठी."

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. म्हणजे कागदावर डोळे धरून बसले. "नाही, आजी. लिहिलेलं नाही."

जैतुनबीनं त्यांना दुआ दिली. तुमच्या मुलाबाळांना उदंड आयुष्य मिळो, म्हणाली. यादवराव दारापर्यंत सोडायला आले. खुर्शीदा टांग्यात चढत असताना ते तिला हळूच म्हणाले, "बरं केलंत. मीही तेच केलं असतं." तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं तोवर टांगेवाल्यानं घोडा हाकला होता.

त्या दिवसापासून जैतुनबी सुधारत गेली. गुडघे दुखायचे थांबले. भागुबाई आली की स्वतः उठून वांगी निवडायला बसायची आणि सांगायची, दोन शिकल्यासवरल्या माणसांनी पत्र वाचलं, पाहिलं असं कोणीच लिहिलेलं नाही. भागुबाईला ते खरंच वाटायचं की नाही कोण जाणे. ती म्हणायची, "येईल बाई, येईल. आमचा दीर सिन्नरला गेला तो तीन वर्सांनी आला." आणि खुर्शीदाकडे न बघता पाटी उचलायची. विमानाची थट्टा तिनं सोडून दिली होती.

जैतुनबीनं जमीलच्या गादीला नवा कापूस भरून घेतला. रोज एक भाकरी जास्त थापली जायची आणि दुपारी ती दारावर आलेल्या फकिराला दिली जायची. रेहानाला तिनं शिकवलं, "अब्बा कुठं? अब्बा जहाजात." रेहाना दिवसभर ते म्हणत घरभर हिंडायची. दोन वर्षांच्या पोरीला हा एकच बाप मिळाला होता, जहाजातला. खुर्शीदानं एकदा तिच्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा रेहाना घाबरून आजीच्या पदराआड गेली. "तुझ्या अम्मीला धीर नाही," जैतुनबी नातीला म्हणाली, "तिला वाट बघता येत नाही."

जानेवारीत खुर्शीदानं यादवरावांना चिठ्ठी लिहिली. घडी घालून, लाख लावून रहेमानभाईंबरोबर पाठवली. पत्रातलं खरं काय ते तुम्ही येऊन अम्मांना सांगा, माझी हिंमत होत नाही. माझ्याविषयीचं वाक्यसुद्धा वाचा, गाळू नका. इतकंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"सप्रेम आशीर्वाद. आता ते उकरून काढण्यात कोणाचं भलं आहे? त्या माउलीला उमेद आहे, ती मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय मी एकदा वाचून सांगितलं आहे. आता फिरवलं तर माझ्या शब्दाला काय किंमत राहील? तो लेख वाचकांना फार आवडला होता, त्याविषयी मनाला लावून घेऊ नका. ज्ञानाचा दोष नसतो. जाता जाता, पुढच्या महिन्यासाठी विमानविरोधी तोफांवर एक चांगला मजकूर हाती आला आहे. पाठवू का?"

खुर्शीदानं चिठ्ठी चुलीत घातली. जळताना तिच्या मनात आलं की मास्तरांचं अक्षर किती वळणदार आहे. शिकवलं तेव्हा तिनं ते गिरवलं होतं.

बकरी ईदच्या आदल्या दिवशी दुपारी जैतुनबीनं मेंदी वाटली. पाट्यावर, स्वतः, घामाघूम होऊन. वाटी घेऊन खुर्शीदासमोर बसली आणि म्हणाली, "हात दे."

"नको, अम्मा."

"का नको? सवाष्णीचा हात ईदला कोरा ठेवतात का? गल्लीतल्या बायका उद्या भेटायला येतील. काय म्हणतील? हात दे म्हणते ना."

खुर्शीदा उठली. ट्रंकेतून पत्र काढलं. हाँगकाँगहून मिनेझिसनं पाठवलेली जमीलची ट्रंक होती ती. आठच दिवसांपूर्वी आली होती आणि जैतुनबीनं म्हटलं होतं, बघ, सामान पुढं पाठवलंय त्यानं.

रहेमानभाई पडवीत होते. त्यांना तिनं आत बोलावलं. उभी राहूनच वाचायला सुरुवात केली, आणि या वेळी एक शब्द गाळला नाही. आठ तारीख. धक्का. नऊ विमानं. आडवी पडलेली माणसं. तेव्हा जमील उठला आणि आम्हाला म्हणाला. ते वाक्य तिनं मराठीत सांगितलं, आणि मग इंग्रजीतही वाचलं, जणू त्या घरात कोणी ते तपासून बघणार होतं. पोटाखालचा डबा. मागं तोंड केलेला माणूस. चौघे पडले. भ्यालेला वाचला. संध्याकाळी दफन.

"मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "उठा, पळा, असं मीच लिहिलं होतं. मी न लिहिते तर ते मिनेझिससारखे पडून राहिले असते. माझं ऐकून ते उठले, अम्मा. तुम्हाला हे सांगायला नको म्हणून मी खोटं बोलले. मास्तरही खोटं बोलले."

रहेमानभाई दारातच खाली बसले. किरमिजी हात तोंडावर धरले.

जैतुनबी तिच्याकडे बघत होती. खुर्शीदाला वाटलं, आता ती ओरडेल. आता मारील. तिनं वाट बघितली. मार खायला ती दीड महिना थांबली होती.

"झालं वाचून?" जैतुनबी म्हणाली.

"झालं."

"दीड महिन्यापूर्वी हे त्यात नव्हतं."

"होतं, अम्मा. मी वाचलं नाही."

"मास्तरांनीही वाचलं नाही? दोनदा बघितलं त्यांनी, माझ्यासमोर बघितलं. तुला शिकवलंय त्यांनी. तुझ्यापेक्षा कमी येतं का त्यांना?"

"ते खोटं बोलले. माझ्यासाठी. त्यांच्या लेखासाठी."

"एवढा मोठा माणूस माझ्याशी खोटं बोलेल? कशाला? माझं काय घेणं आहे त्यांना?" जैतुनबीचा आवाज चढला नाही, उलट तो समजुतीचा झाला, आणि ते जास्त वाईट होतं. "बघ दुल्हन, तू तरणी आहेस. अडीच वर्षं झाली. वाट बघून कंटाळलीस. मी समजते. मीपण बाई आहे. पण म्हणून माझ्या मुलाला मारू नकोस."

"अम्मा, मी कशाला..."

"आणि किती हुशारीनं केलंस. नुसतं मेला म्हटलं असतंस तर मी मानलं नसतं. म्हणून स्वतःवर घेतलंस. माझ्यामुळं मेला, म्हणे. कोण बाई स्वतःवर असं घेईल, म्हणजे खरंच असणार, असं मला वाटावं म्हणून. शिकलीस ना, त्याचा हा उपयोग."

खुर्शीदानं रहेमानभाईंकडे बघितलं. "भाईजान, तुम्ही तरी सांगा. तुम्हाला खरं वाटतंय ना?"

रहेमानभाईंनी हात तोंडावरून काढले. त्यांचे डोळे लाल होते. त्यांना खरं वाटलं होतं, ते दिसतच होतं. त्यांनी आईकडे बघितलं, आणि म्हणाले, "मला इंग्रजी येत नाही, दुल्हन."

आणि उठून बाहेर गेले.

जैतुनबीनं खुर्शीदाच्या हातातून पत्र घेतलं. फाडलं नाही. नीट घडी घालून पाकिटात ठेवलं, पाकीट ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेची कडी लावली. मग वाटी जवळ ओढली.

"बस," ती म्हणाली.

खुर्शीदा बसली. जैतुनबीनं तिचा उजवा हात मांडीवर घेतला, तळवा वर केला आणि मेंदी लावायला लागली. थंडगार होती. बोटांच्या पेरांवर टोप्या, मधे वाटोळा चांद. लावता लावता ती गुणगुणत होती. उजवा झाला, डावा घेतला. लग्नात लावली होती त्यापेक्षाही मन लावून लावली.

"वाळेपर्यंत हलवू नकोस," ती म्हणाली. "जितका वेळ राहील तितका रंग चढतो. आणि तोंड असं करू नकोस. उद्या ईद आहे."

वाटी विसळायला ती मोरीत गेली. पाळण्यात रेहाना जागी झाली आणि रडायला लागली. अम्मी, अम्मी करत कठड्याला धरून उभी राहिली. पाळणा हलला. खुर्शीदा दोन्ही हात पसरून, तळवे वर करून बसून राहिली. तिला पोरीला उचलता येत नव्हतं.